प्रगतिपत्रकात अ-१ आणि बाहेरच्या चाचणीत ५८ पर्सेंटाइल : मूल किती शिकले, हे नेमके कशावरून समजायचे?

मानेवाड्याचा पालक (प्रश्न)

माझी मुलगी नागपुरातील एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत सातवी पूर्ण करून आता आठवीत गेली आहे. उन्हाळ्याच्या सुटीआधी प्रगतिपत्रक हाती आले, त्यात गणितासमोर अ-१ श्रेणी होती. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभरातील कामाच्या गुणांत, ४० पैकी ३९, संकलितमध्ये, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेत, ६० पैकी ५३, म्हणजे एकूण ९२. घरात पेढे वाटले गेले. त्यानंतर, शाळा उघडायच्या आठवड्यात, तिने फेब्रुवारीत दिलेल्या एका खासगी संस्थेच्या गणित चाचणीचा निकाल आला: ५० पैकी ३१ गुण आणि ५८ पर्सेंटाइल. विषय तोच, मुलगी तीच आणि दोन्ही परीक्षांमध्ये दोन महिन्यांचेही अंतर नाही.

माझ्या पत्नीचे म्हणणे आहे की शाळा हात सैल सोडून श्रेणी देते. माझे वडील म्हणतात की बाहेरची चाचणी हा शिकवणी वर्गांकडे मुले वळवण्याचा धंदा आहे. मुलीने मात्र मला सरळ विचारले, "बाबा, मला गणित येतं की नाही?" आणि मला उत्तर देता आले नाही.

या मंचावर शिक्षक आहेत, परीक्षांचे काम केलेले लोकही आहेत. श्रेणी आणि प्रमाणित चाचणी या दोन्हींतून शिकणे कसे मोजले जाते आणि दोघींचे म्हणणे वेगळे आले तर पालकाने कशावर विसंबावे, हे कोणी समजावून सांगेल का?

जुना खडू

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत काटोल आणि नरखेड तालुक्यांत बत्तीस वर्षे शिकवले, शेवटची काही वर्षे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर देखरेख ठेवणारा, होतो. श्रेणी आतून कशी तयार होते, तेवढे मी सांगू शकतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आला आणि त्यानुसार आपल्या राज्यात २०१० पासून पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. त्यात आकारिक आणि संकलित असे दोन भाग आहेत. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० आणि संकलितचा ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे आणि सातवी-आठवीला ४० व ६०. आकारिकमध्ये दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी लेखी चाचणी, स्वाध्याय अशी साधने असतात. या सगळ्यांची बेरीज करून ९१ पासून वर अ-१, ८१ ते ९० अ-२, अशी उतरंड खाली इ-२ पर्यंत जाते.

आता आपल्या मुलीच्या ३९ गुणांकडे पाहा. त्यातले काही गुण वही वेळेवर पूर्ण केल्याचे आहेत, काही वर्गात हात वर केल्याचे, काही त्या प्रकल्पाचे, ज्याचा पुठ्ठा कदाचित आपणच कापून दिला असेल. हे गुण खोटे नाहीत. नियमितपणा आणि प्रयत्न हेही शाळेला हवेच असतात. पण ते गणिताच्या समजेचे माप नव्हे आणि श्रेणीच्या एका अक्षरात या सगळ्या गोष्टी अशा विरघळतात की नंतर त्या वेगळ्या काढता येत नाहीत. केवळ संकलितचा भाग पाहिला तर ६० पैकी ५३ म्हणजे ८८ टक्के, म्हणजे अ-२. आपल्या घरी पेढे आले ते आकारिकच्या ३९ मुळे.

एक गोष्ट कबूल करतो, कारण आता सेवेत नसल्याने संकोच उरलेला नाही. ज्या मुलाला ड किंवा त्याखालची श्रेणी मिळते, त्याला जादा मार्गदर्शन करून किमान क-२ पर्यंत आणावे, असा नियम होता. नियमामागची भावना उत्तम होती. पण तीन वर्ग एकट्याने सांभाळणारा शिक्षक, त्यावर जनगणना, निवडणूक आणि पोषण आहाराच्या नोंदी; अशा वेळी जादा मार्गदर्शनाच्या नोंदी लिहिण्यापेक्षा मुलाला पहिल्यांदाच क-२ देऊन टाकणे सोपे पडे. मी स्वतः असे केले आहे. वर्णनात्मक नोंदींचेही तेच. 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात खरे तर शिक्षकाने त्या मुलाविषयी एक खरे वाक्य लिहायचे असते. आमच्या केंद्रात एका वर्षी मी तपासलेल्या सगळ्या नोंदपत्रकांत त्या जागी 'अवांतर वाचन करावे' हेच तीन शब्द होते, कारण बाजारात मिळणाऱ्या नमुना नोंदींच्या पुस्तिकेत ते पहिल्या ओळीवर होते.

तरीही मी श्रेणीच्या बाजूने एक मुद्दा मांडेन. शिक्षक मुलाला वर्षभर पाहतो, चाचणी त्याला दीड तास पाहते. त्या दिवशी ताप असेल, सकाळी घरात भांडण झाले असेल, तर चाचणीला ते कळत नाही, शिक्षकाला कळते.

चाचणीकार

गुरुजींनी श्रेणीचे पोट उघडून दाखवले, मी चाचणीचे दाखवतो. मी सांख्यिकी शिकवतो आणि काही वर्षे प्रश्ननिर्मितीच्या कामात होतो.

सर्वप्रथम, सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका दिली म्हणून ती चाचणी प्रमाणित होत नाही. प्रमाणित संपादणूक चाचणीत, म्हणजे मूल किती शिकले हे मोजणाऱ्या चाचणीत, प्रत्येक प्रश्न आधी एका नमुना गटाला देऊन त्याची काठीण्य पातळी पाहतात, म्हणजे किती मुलांनी तो बरोबर सोडवला. आणि भेदनक्षमता पाहतात, म्हणजे एकूण चाचणीत चांगली ठरलेली मुले तो प्रश्न इतरांपेक्षा अधिक प्रमाणात सोडवतात का. जो प्रश्न हुशार मुलांचाच जास्त चुकतो, त्याच्या शब्दरचनेत काहीतरी खोट असते, म्हणून तो काढून टाकतात. वेळ, सूचना आणि तपासणी सर्वत्र सारखी ठेवतात. मग मानके ठरवतात, म्हणजे किती गुण पडले तर इतरांच्या तुलनेत मूल कुठे आहे, ते. आपल्या मुलीने दिलेल्या चाचणीत यातले काय झाले, हे त्या संस्थेला विचारायला हवे. बहुतेक खासगी चाचण्यांच्या निकालपत्रावर रंगीत आलेख असतो, पण विश्वसनीयतेचा, म्हणजे तेच मूल पुन्हा चाचणीला बसले तर गुण कितपत सारखे येतील याचा, आकडा नसतो.

दुसरे, पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ५८ पर्सेंटाइलचा अर्थ एवढाच की ती चाचणी देणाऱ्यांपैकी साधारण ५८ टक्के मुलांना आपल्या मुलीपेक्षा कमी गुण पडले. पण चाचणी दिली कोणी? शुल्क भरून, रविवारी सकाळी मुलाला केंद्रावर नेणाऱ्या पालकांची मुले. या गटात मध्याच्या थोडे वर असणे आणि राज्यातील सगळ्या सातवीच्या मुलांत तिथे असणे, यांत बराच फरक आहे.

आता तिसरा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. कोणत्याही चाचणीचा गुण हा अंदाज असतो आणि त्याला त्रुटी चिकटलेली असते. समजा या चाचणीची सरासरी २९ आहे, प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप, १० आहे आणि विश्वसनीयता ०.८४ आहे, जी एका शालेय चाचणीसाठी वाईट म्हणता येणार नाही. मापनाची प्रमाण त्रुटी काढण्यासाठी १ मधून ०.८४ वजा करून वर्गमूळ घ्यायचे, ते ०.४ येते, त्याला १० ने गुणले की ४. म्हणजे मुलीचे ३१ गुण हे ढोबळमानाने २७ ते ३५ यांच्या दरम्यानचे काहीतरी आहेत, आणि तेही खात्रीने नव्हे, तीनपैकी दोन वेळा. गुणांचे वितरण नेहमीसारखे घंटाकृती असेल तर २७ गुणांना ४२ पर्सेंटाइल मिळतो आणि ३५ गुणांना ७३. मधल्या भागात मुलांची गर्दी सर्वाधिक असल्यामुळे दोन-चार गुणांनी पर्सेंटाइल असा हेलकावे खातो. आपण ५८ हा आकडा दगडावर कोरल्यासारखा वाचला; तो प्रत्यक्षात पेन्सिलीने लिहिलेला आहे.

श्रेणीलाही त्रुटी असतेच, फक्त ती कोणी मोजत नाही. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी १९१२ आणि १९१३ मध्ये विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती काढून शंभराहून अधिक शिक्षकांना तपासायला पाठवल्या होत्या. भूमितीच्या एकाच उत्तरपत्रिकेला शंभरपैकी २८ पासून नव्वदच्या वर असे गुण पडले. तेही भूमितीत, जिथे उत्तर एक तर बरोबर असते नाही तर चूक, असे आपण समजतो. कोणी पायऱ्यांना गुण दिले, कोणी अक्षर खराब म्हणून कापले. प्रमाणित, वस्तुनिष्ठ चाचण्यांकडे त्या काळी ओढा वाढला, त्यामागे असे अनुभव होते.

गुरुजींच्या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, पण अर्धाच. शिक्षक वर्षभर पाहतो हे खरे, मात्र तो आपल्याच वर्गातल्या मुलांच्या तुलनेत पाहतो. चाळीस मुलांत पहिली आलेली मुलगी शेजारच्या शाळेत दहावी आली असती की पहिलीच, हे त्याला दिसण्याचा मार्ग नाही.

जुना खडू

चाचणीकार साहेब, सारख्या प्रश्नपत्रिकेविषयी एक अनुभव. २०२३-२४ पासून राज्यभर नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात; आधी पायाभूत, मग संकलित एक आणि दोन; प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. प्रश्नपत्रिका राज्याकडून येतात, तपासतात मात्र त्याच शाळेचे शिक्षक आणि गुणही तेच ऑनलाइन भरतात. म्हणजे प्रश्न प्रमाणित, तपासणी घरची.

सेवेत असताना एका सराव प्रश्नपत्रिकेत शाब्दिक उदाहरण होते: एका भाजीवाल्याकडे कोथिंबिरीच्या इतक्या जुड्या होत्या, इतक्या विकल्या, उरलेल्या प्रत्येक टोपलीत सारख्या ठेवल्या. माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा बराच वेळ पेन्सिल तोंडात धरून बसला होता. मी जवळ गेलो तर हळूच विचारले, "गुरुजी, कोथिंबीर म्हणजे का?" मी म्हटले, सांबार. त्याने दोन मिनिटांत वजाबाकी, भागाकार करून वही पुढे केली. आपल्याकडे विदर्भात घराघरांत सांबारच म्हणतात, हे मुंबई-पुण्याच्या वाचकांना सांगावे लागेल. तिकडे सांबार इडलीबरोबर येते. मी शेजारी नसतो तर त्या मुलाला भागाकार येत नाही, अशी नोंद झाली असती. ज्यांच्या घरी गोंडी बोलतात, त्या मुलांचे तर विचारूच नका.

चाचणीकार

गुरुजी, याला आमच्या भाषेत सप्रमाणतेचा प्रश्न म्हणतात: जे मोजायचे ठरवले तेच मोजले गेले का? आपल्या उदाहरणात भागाकार मोजायचा होता, मोजला गेला शब्दसंग्रह. चांगल्या चाचणीत सारख्या क्षमतेची पण वेगळ्या भागांतली मुले एखाद्या प्रश्नात वेगळी ठरतात का, हे तपासून असे प्रश्न वगळतात. खर्चिक काम आहे, म्हणून अनेकदा टाळले जाते.

धरमपेठची आई

मी शिक्षक नाही, पण दोन मुले दहावीतून काढली आहेत, म्हणून लिहिते. आपण सगळे आकडा स्थिर असतो असे धरून चालतो, पण बोर्डाचा निकाल आठवून पाहा. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला, आणि आपला नागपूर विभाग ६७.२७ टक्क्यांसह राज्यात शेवटचा ठरला. २०२० मध्ये निकाल पुन्हा ९५.३० टक्के. एका वर्षात लाखो मुलांचे शिक्षण अचानक बिघडले आणि पुढच्या वर्षी अचानक सुधारले, असे तर झाले नसेल ना? २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे २० अंतर्गत गुण काढून टाकले होते; पुढच्या वर्षी ते परत आले. २०२१ मध्ये तर कोविडमुळे लेखी परीक्षाच झाली नाही, मूल्यमापन शाळांनी केले, आणि निकाल ९९.९५ टक्के.

माझा मोठा मुलगा २०१९ च्या त्या तुकडीतला. त्याला ७४ टक्के मिळाले आणि वर्षभर घरात मान खाली घालून वावरला. धाकटीला २०२१ मध्ये ९३ टक्के मिळाले. दोघांनाही जवळून शिकवलेली मी सांगते, गणित आणि भाषा मोठ्यालाच अधिक पक्की येत होती. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी मात्र आकडाच बोलतो. म्हणून कोणते माप खरे, हा प्रश्न मला थोडा पुस्तकी वाटतो. ज्या मापावर प्रवेश मिळतो, तेच माप शेवटी खरे ठरवले जाते आणि मग मुले, शाळा, शिकवणी वर्ग, सगळे त्या मापासाठीच शिकू लागतात.

चाचणीकार

ताई, आपले उदाहरण मी यापुढे वर्गात वापरणार आहे. आकडे वाढले म्हणून शिकणे वाढले असे होत नाही आणि घसरले म्हणून घसरलेही नसते. माप बदलले की आकडा बदलतो. शिवाय ज्या मापाला मोठे फळ जोडले जाते, ते माप वाकवले जाते, हेही जगभर दिसलेले आहे.

म्हणूनच काही चाचण्या मुद्दाम फळाविना ठेवतात. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ आणि २०२१ मध्ये झाले, पुढे डिसेंबर २०२४ मध्ये परख सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीला झाले. त्यात कोणत्याही एका मुलाचा निकाल जाहीर होत नाही, जिल्ह्याचे आणि राज्याचे चित्र मिळते. 'असर' सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भागात घरी जाऊन मुलाला समोर बसवून करतात: दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो का, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येते का. मूल शाळेत जात असो वा नसो, कोणत्याही शाळेत जात असो, चाचणी तीच. या सर्वेक्षणांचा उपयोग शासनाला आणि अभ्यासकांना आहे. आपल्या मुलीला काय येते हे त्यातून कळणार नाही, कारण ते त्यासाठी केलेलेच नाही. थर्मामीटर चांगला असला तरी त्याने उंची मोजता येत नाही.

श्रेणीच्या बाजूचीही एक गोष्ट नोंदवतो, नाहीतर गुरुजींवर अन्याय होईल. अमेरिकेतील अनेक अभ्यासांत असे आढळले आहे की महाविद्यालयात विद्यार्थी कसा निघेल, याचा अंदाज शाळेच्या श्रेणींवरून प्रमाणित चाचणीइतकाच आणि पुष्कळदा अधिक चांगला येतो. म्हणजे वही वेळेवर पूर्ण करणे, रोज हजर राहणे हे जे गुण श्रेणीत 'भेसळ' म्हणून शिरतात, तेच पुढे उपयोगी पडतात.

मूळ प्रश्नकर्त्यांना माझी एकच सूचना आहे: आकडे बाजूला ठेवा आणि उत्तरपत्रिका मागवा. शाळेतली संकलितची उत्तरपत्रिका बघायला मिळते, आणि खासगी संस्थेकडेही प्रश्ननिहाय अहवाल मागून पाहा. कोणते १९ गुण गेले, ते बघा.

मानेवाड्याचा पालक

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा-बारा दिवस लागले, कारण मी दोन्ही गोष्टी मिळवल्या. शाळेतील बाईंनी संकलितची उत्तरपत्रिका आनंदाने दाखवली, आणि चाचणी घेणाऱ्या संस्थेने दोनदा ईमेल पाठवल्यावर प्रश्ननिहाय अहवाल दिला. विश्वसनीयतेचा आकडा मागितला तेव्हा मात्र 'आमची चाचणी पूर्णतः विश्वसनीय आहे' एवढेच उत्तर आले.

रविवारी मी आणि मुलगी जेवणाच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी ठेवून बसलो. शाळेच्या प्रश्नपत्रिकेतली जवळजवळ सगळी उदाहरणे पाठ्यपुस्तकातल्या सरावसंचांच्या धर्तीची होती, फक्त संख्या बदललेल्या. ती तिने स्वच्छ पायऱ्या लिहून सोडवली होती. बाहेरच्या चाचणीत बीजगणित आणि भूमितीचे तिचे बहुतेक प्रश्न बरोबर होते. गेलेल्या गुणांपैकी निम्म्याहून अधिक एकाच ठिकाणी होते, दशांश अपूर्णांक आणि व्यवहारी अपूर्णांक. मी कोऱ्या कागदावर ०.५ आणि ०.४५ लिहून मोठी संख्या कोणती, असे विचारले. तिने क्षणाचाही विलंब न लावता ०.४५ वर बोट ठेवले. का, असे विचारल्यावर म्हणाली, "पंचेचाळीस पाचपेक्षा मोठे नाहीत का?"

दशांशांची बेरीज ती बिनचूक करते, कारण बिंदूखाली बिंदू लिहायचा हे तिला पाठ आहे. त्यामुळे सातवीच्या वर्गात आणि परीक्षेत ही चूक कधी वर आलीच नाही. पाचवी-सहावीपासून ती तशीच राहिली असावी, आणि त्या दोन्ही वर्षांच्या प्रगतिपत्रकांत गणितासमोर अ-१ आहे.

तिच्याशी बोलताना मी गुरुजींचे सूत्र वापरले: पाच दशांश म्हणजे रुपयाचे किती पैसे? "पन्नास," ती म्हणाली, आणि मग थांबली. "मग पॉइंट पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस पैसे." नंतर तिने स्वतःच पेन्सिल घेऊन ०.५ च्या पुढे एक शून्य लिहिले.

जुना खडू

ते सूत्र माझे नव्हे, मी या चर्चेत ते सांगितलेलेच नाही. आपणच काढले असावे. आता तिला ०.३ आणि ०.१२५ विचारून पाहा. पैशांत साडेबारा पैसे येतात, तिथे शून्य लावायची युक्ती तिला खरोखर समजली आहे की नुसती लक्षात राहिली आहे, ते कळेल.

मानेवाड्याचा पालक

विचारले. आधी ०.१२५ म्हणाली, मग स्वतःच "थांबा बाबा" म्हणून ०.३ पुढे दोन शून्ये लिहिली आणि उत्तर बदलले. उद्या १/३ आणि ०.३ विचारणार आहे.